ठिगळ का सुटलं, हे विचारणारी मुलगी

एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीची शाळा यंदा संपते. गेलं वर्षभर ती सुटीच्या दिवशी फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांकडे जाऊन बसते आणि आता स्वतःही मॅट-रेझिनचं काम, म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट रेझिन या घट्ट होणाऱ्या द्रवात भिजवून थर लावण्याचं काम, करू लागली आहे. घरातली पाण्याची काळी टाकी चिरली होती, तिला तिने ठिगळ लावलं. पंधरा दिवसांत ते सालीसारखं निघालं. एका छोट्या होडीच्या तळाला लावलेलं ठिगळ बसलं, पण आठवडा झाला तरी हाताला चिकट लागतंय. तिला हेच काम शिकायचं आहे. वडील विचारतात: याला करिअर म्हणायचं का? त्या वासाने तिच्या छातीचं काय होईल? आणि दोनपैकी दोन ठिगळं फसली असताना तिला यात गती आहे, असं कशावरून मानायचं? ओघात त्यांनी लिहिलंय की रेझिनचा डबा, कोबाल्टची कुपी आणि हार्डनरची बाटली ती आपल्या खोलीत खिडकीतल्या फळीवर ठेवते.

नमस्कार.

करिअरचं नंतर बोलू. आधी ती बाटली हलवा, आजच. पॉलिएस्टर रेझिनसोबत मिळणारा, ते घट्ट करणारा हार्डनर म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड. त्याला ऊन सोसत नाही. कोबाल्टचा एक्सलरेटर, म्हणजे घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव, त्यात थेट पडला तर स्फोट होऊ शकतो. दोन्ही सुटे वापरायचे असतील, तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोळवायचा आणि हार्डनर त्यानंतर, अगदी शेवटी घालायचा. शिकणाऱ्याने कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिनच घ्यावं, म्हणजे हा धोका घरात येतच नाही. हार्डनर त्याच्या मूळ प्लास्टिकच्या बाटलीत, सावलीत, ३० अंशांच्या खाली, कोबाल्ट आणि ॲसिटोनपासून लांब ठेवा. सांडला तर लाकडाच्या भुशाने किंवा चिंधीने टिपू नका, ते पेट घेतात. ओली वाळू टाका. डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि मग डॉक्टर. चष्मा घातल्याशिवाय ती बाटली उघडायची नाही, हा तिचा पहिला नियम असू द्या.

आता तिची गती. दोन ठिगळं फसली यावरून मी काहीच ठरवणार नाही. फसल्यावर तिने काय केलं, हे मला तुमच्या पत्रात सापडत नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. तिने पुन्हा तसंच दुसरं ठिगळ मारलं, की निघालेलं ठिगळ उलटं करून त्याची पाठ पाहिली?

टाकीचं ठिगळ तुम्हीच हातात घ्या. त्याची पाठ गुळगुळीत, चकचकीत असेल, टाकीचा एकही कण तिला लागलेला नसेल. याचा अर्थ रेझिन टाकीला कधी चिकटलंच नव्हतं. अशा टाक्या बहुधा पॉलिइथिलीनच्या असतात. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांना पॉलिएस्टरही धरत नाही आणि इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिनही. कितीही घासलं तरी नाही. खात्री करायची सोपी रीत म्हणजे टाकीची एक कपची काढून पाण्यात टाकायची. ती तरंगली तर या दोन प्लास्टिकांपैकी एक असणार. फायबरची कपची बुडते. अशी टाकी त्याच प्लास्टिकच्या कांडीने, गरम हवेने वितळवून जोडतात. टाकी फायबरची असती तरी पिण्याच्या पाण्याला वाटेल ते रेझिन चालत नाही. त्यासाठी प्रमाणित केलेलंच लागतं आणि ते उष्णता देऊन पूर्ण पकवावं लागतं, नाहीतर रेझिनमधलं उरलेलं स्टायरीन हे द्रावक पाण्यात उतरत राहतं.

म्हणजे तिथे हात चुकला नाही, वस्तू ओळखण्यात चूक झाली. आणि या धंद्यात निम्मं काम ओळखण्याचंच आहे. लाकडावर पॉलिएस्टर आज चिकटल्यासारखं दिसतं. लाकूड पाणी पिऊन फुगलं-आकसलं की ते सुटतं. तिथे इपॉक्सीच हवी. थर्मोकोलवर पॉलिएस्टर ओतलं तर त्यातलं स्टायरीन थर्मोकोल विरघळवून टाकतं. इपॉक्सी तसं करत नाही. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान बसते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट (होडीचा बाहेरचा चकचकीत थर) भरवशाने बसत नाही. शिवाय नेहमीच्या चॉप्ड मॅटमधले काचेच्या धाग्यांचे सुमारे ५० मिमीचे तुकडे ज्या बाइंडरने, म्हणजे चिकटद्रव्याने, धरलेले असतात, तो स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे ती मॅट कडकच राहते आणि कोपऱ्यावर उभी राहते. इपॉक्सीसोबत विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्यायचं.

होडीच्या चिकटपणाची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचे उपाय अगदी निराळे आहेत. थर लावायचं पॉलिएस्टर हवेच्या संपर्कात असलेल्या पृष्ठभागावर पूर्ण पकत नाही. हा दोष नाही, सोय आहे: पुढचा थर त्याला घट्ट धरतो. शेवटच्या थरात मात्र मेण मिसळलेलं रेझिन वापरायचं किंवा वर पॉलिएस्टरची फिल्म पसरून हवा बंद करायची. तिने ते केलं नसेल. नख रोवून पाहायला सांगा. वरचा पातळ थर चिकट आणि खाली दगडासारखं कठीण असेल, तर ॲसिटोनने पुसून, घासून, वर मेणवाला थर द्यायचा. नख आत रुतलं तर हार्डनर कमी पडलाय, नाहीतर नीट ढवळला गेला नाही, किंवा काम थंडीत झालंय. तेवढं सगळं खरवडून काढावं लागेल. अर्धवट राहिलेला थर नंतर वरून हार्डनर चोपडून पकत नाही.

या कामाची मापं तुम्हालाही कळावीत म्हणून एक ठिगळ पूर्ण मांडतो. समजा तळाची जाडी ५ मिमी आहे आणि १० सेमीचं भोक पडलंय. कडा जाडीच्या बारापट उतरती घासायची, म्हणजे चहूबाजूंनी ६० मिमी. एवढ्याशा भोकाचं ठिगळ २२ सेमी व्यासाचं होतं. नवशिक्याला इथे नेहमी वाटतं की आपण उगाच चांगला भाग खातोय. पण जुन्या फायबरला नवं रेझिन रासायनिकरीत्या एकजीव होत नाही. ते ओरखड्यांतच धरतं, म्हणून धरायला जागा भरपूर हवी. घासायच्या आधी सॉल्व्हंटने मेण आणि तेल पुसून काढायचं, नाहीतर घासताना तेच ओरखड्यांत दाबलं जातं. मग ४० ते ६० नंबरच्या पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासायचं, धूळ ओढून घ्यायची, ॲसिटोनने एकदा पुसून सुकू द्यायचं. तळ ओला असेल तर इथेच थांबायचं. पाणी मुरलेल्या तळाला वाळायला कधी आठवडे लागतात, कधी महिने. तळावरचा फोड फोडल्यावर आंबट वासाचा द्रव आला तर तो ऑस्मोसिस, म्हणजे फायबरच्या आत पाणी शिरून आलेला फोड. त्यावर वरून ठिगळ मारणं म्हणजे ओल आत कोंडणं.

भोक आरपार असेल तर एका बाजूने मेण लावलेली गुळगुळीत पट्टी टेकू म्हणून बसवायची. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर सुमारे १ मिमी भरतो, म्हणून पाच गोल: २२, १९, १६, १३ आणि १० सेमी. कात्रीने कापू नये, फाडावेत. फाटलेल्या कडेचे धागे पसरतात आणि पायरी उठत नाही. मोठं आधी की छोटं आधी, यावर कारागिरांत वाद आहे. मी मोठं आधी म्हणतो, कारण पहिलाच थर सगळ्या उताराला धरतो आणि नंतर सपाट करताना घासला जातो तो छोट्यांचा काठ. छोटं आधी लावलं तर सर्वांत वरचं, मोठं ठिगळच घासण्यात कापलं जातं. पाच गोलांची मॅट सुमारे ४८ ग्रॅम होते. मॅटला वजनाच्या सव्वादोनपट रेझिन लागतं, म्हणजे ११० ग्रॅम. ब्रश आणि भांड्यात राहणारं धरून १३० घ्यावं. त्यात दीड टक्का हार्डनर, म्हणजे २ ग्रॅम.

हे २ ग्रॅम नीट पाहा. एक ग्रॅमच्या पायरीने दाखवणाऱ्या काट्यावर २ म्हणजे दीडही असू शकतात आणि अडीचही. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा, नाहीतर मापाची सिरिंज. एक टक्क्याच्या खाली माल अर्धा कच्चा राहतो, तीन टक्क्यांच्या वर गेला तर घाईत धरतो, तापतो आणि कमजोर निघतो. इपॉक्सीत तर ही मोकळीकही नाही. तिथे डब्यावर लिहिलेलं प्रमाण तंतोतंत पाळायचं. लवकर धरावं म्हणून दोन थेंब जास्त टाकायची पॉलिएस्टरची सवय इपॉक्सीत नेली, की जास्तीचा हार्डनर आत तसाच पडून राहतो आणि माल कायम मऊ राहतो. वेग बदलायचा तर हार्डनरच वेगळा, जलद किंवा संथ, घ्यायचा.

आधी जागेवर रेझिनचा हात द्यायचा, मग मॅट ठेवायची. ब्रश ओढायचा नाही, टेकवत जायचं. ओढला की मॅट गोळा होते. रेझिन मुरलं की पांढरी मॅट काचेसारखी पारदर्शक होते. पांढरा ठिपका उरला तर तिथे हवा किंवा कोरडी मॅट आहे. खाचांच्या लोखंडी रोलरने मधून बाहेर अशी हवा काढायची. तीन थर झाले की थांबायचं, उष्णता उतरू द्यायची, मग उरलेले दोन. सगळं एकदम जाड लावलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. थर तडकतो, आकसतो. भांड्यात उरलेला मालही तसाच तापून धूर सोडतो, म्हणून तो उथळ थाळीत पसरून ठेवायचा. पक्कं झाल्यावर नाण्याने ठोकून पाहायचं. टणक आवाज आला तर बसलंय. बोदा आला तर आत पोकळ आहे.

तुमची छातीची काळजी रास्त आहे, तिला उडवून लावू नका. स्टायरीनला कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ गटात घातलंय. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून होडीच्या पोटात वाकून काम करणाऱ्याच्या नाकाशीच ती साचते. कापडी मास्क तिला अडवत नाही. सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि घासताना धुळीचा फिल्टर. मास्कमधून वास येऊ लागला की कार्ट्रिज संपला. इपॉक्सीला वास कमी म्हणून लोक बेफिकीर होतात, पण तिची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते आणि चांगल्या कारागिराला काम सोडावं लागतं. नायट्राइलचे हातमोजे, आणि हाताला लागलेलं रेझिन ॲसिटोनने कधीही पुसायचं नाही. एवढं पाळणाऱ्याला हे काम वर्षानुवर्षं करता येतं. पाळायला कंटाळणाऱ्याने यात पडूच नये, असं मी स्पष्ट सांगेन.

हे करिअर आहे का? आहे, आणि होडीच्या ठिगळापुरतं नाही. हेच हात पुढे साचे बनवतात, निर्वाताने रेझिन ओढून फायबरचे पत्रे घडवतात, रसायनांच्या टाक्यांना आतून अस्तर देतात, पवनचक्कीची पाती दोरावर लटकून दुरुस्त करतात. या शेवटच्या कामासाठी ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचं पाती दुरुस्तीचं ठरीव प्रशिक्षण आहे. पुढे शिकायचं असेल तर पॉलिमर, मटेरियल्स किंवा नौकाबांधणीचं अभियांत्रिकी शिक्षण याला थेट जोडलेलं आहे. त्यासाठी रसायनशास्त्र आणि गणित तिने सोडू नये. लहान होड्यांच्या कवचाची जाडी ठरवणारं आयएसओ १२२१५ हे मानक गणिताशिवाय वाचताच येत नाही. आणि जिथे भार येतो, म्हणजे कील (होडीचा तळकणा), इंजिनची बैठक, डोलकाठीचे ताण धरणारे भाग, तिथली दुरुस्ती असा हिशेब येईपर्यंत तिने एकटीने हाती घेऊ नये. तिथलं ठिगळ सुटलं तर पाण्यात माणसं असतात.

कुठलाही अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी तिला सहा महिने कार्यशाळेत काढू द्या, पण कार्यशाळा पारखून. आत गेल्यावर टेबलावर काटा आहे का पाहा. भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारं यंत्र, वाफ खेचणारा पंखा जमिनीलगत, कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या कपाटांत, मास्क पिशवीत बंद. मालकाला विचारा, आज हार्डनर किती टक्के घालताय आणि का? ‘अंदाजाने घालतो’ असं उत्तर आलं तर तिथे ती वेग शिकेल, काम नाही. ‘सकाळी गारवा होता म्हणून दोन, आता ऊन चढलंय म्हणून सव्वा’ असं म्हणणाऱ्याकडे तिला ठेवा.

तोवर घरात नाही, बाहेर मोकळ्या हवेत तिला ३० सेमीचे सहा पत्रे करायला सांगा, प्रत्येकी तीन थरांचे, शेवटचा थर मेणवाला. दोन १ टक्क्याने, दोन दीडने, दोन २ टक्क्यांनी. प्रत्येकावर तापमान, रेझिनचं वजन, हार्डनरचं वजन आणि किती मिनिटांत माल धरला, हे लिहायचं. आठवड्याने प्रत्येक जोडीतला एक पत्रा अर्धा घासून आणि अर्धा तसाच चमकता ठेवून त्यावर नवं ठिगळ लावायचं, आणि आणखी आठवड्याने पटाशीने ते उचकटायचं. चमकत्या अर्ध्यावरून ते कसं सुटतं आणि घासलेल्या अर्ध्यावर मॅटचे धागे कसे उपटून येतात, हे तिने स्वतः पाहिलं पाहिजे. ती वही आणि उचकटलेले तुकडे घेऊनच कार्यशाळेच्या मालकाला भेटायला पाठवा.