एका माणसाची चूल

काकू, मी सातपूर एमआयडीसीत नोकरीला आहे आणि जवळच खोली घेऊन एकटी राहते. घरमालक गॅस ठेवू देत नाहीत, इंडक्शन आहे. आठला घरी पोचते तेव्हा थंडीने बोटं आखडलेली असतात. मेस लावून पाहिली, पण डबा हातात येईपर्यंत भाजी गार झालेली असते. मी शाकाहारी आहे. गरम आणि झटपट होणारं काय करू? — एक वाचक, सातपूर

पहिली गोष्ट, पोळ्या लाटू नकोस. एका माणसासाठी कणीक मळा, लाटा, मग ओटा पुसत बसा, हा तोट्याचा व्यवहार आहे. येताना पोळी-भाजी केंद्रातून दोन भाकरी आण आणि पाण्याचा हात लावून तव्यावर गरम कर. त्यात काही कमीपणा नाही. तुझी मेहनत पातेल्यात रटरटणाऱ्या पदार्थाला लागू दे.

एकट्याच्या घरात भाज्यांपेक्षा पिठांचे डबे भरलेले असावेत, असं माझं मत आहे. भाजी चार दिवसांत मान टाकते. पीठ चमच्याने मोजून घेता येतं, उरत नाही आणि पटकन शिजतं. बेसन, हुलग्याचं म्हणजे कुळथाचं पीठ, तांदळाची पिठी आणि नागलीचं म्हणजे नाचणीचं पीठ एवढं घरात ठेव. नागली आपल्याकडे सुरगाणा-पेठ भागातली छान मिळते. बाजरीचं पीठ ठेवायचंच असेल तर थोडं थोडं दळून आण, ते लवकर कडू होतं.

पिठलं तर येतच असेल, फक्त माप सांगते. तीन मोठे चमचे बेसन आणि सव्वा वाटी पाणी. बेसन आधी त्यातल्याच थोड्या पाण्यात कालवून ठेव, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. लसूण, मिरची, कांद्याची फोडणी कर, उरलेलं पाणी घालून उकळी आण आणि मग कालवलेलं बेसन ओतून हलवत राहा. शेवटी झाकण ठेवून चार-पाच मिनिटं वाफ दे. ही वाफ चुकवली की कच्च्या बेसनाचा वास राहतो.

पण निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या, की माझ्या मते शेंगोळ्यांना पर्याय नाही. अर्धी वाटी हुलग्याचं पीठ आणि चमचाभर कणीक घे. त्यात लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, हळद, तिखट, मीठ घालून घट्ट मळ. चमचाभर पीठ बाजूला ठेव. पातेल्यात लसणाची झणझणीत फोडणी कर, थोडा काळा मसाला टाक आणि तीन वाट्या पाणी घालून खळखळ उकळव. आता खरं तर पिठाच्या वळ्या करून त्यांची कडी जोडायची असतात, पण तुझ्या शेंगोळ्यांना बघायला कोण येणार आहे? बोटाएवढे तुकडे दाबून तसेच सोड. पाणी उकळत असतानाच सोड, नाहीतर लगदा होतो. वीसेक मिनिटं शिजू दे. शेवटी ते बाजूला ठेवलेलं पीठ पाण्यात कालवून ओत, रस्सा दाट होतो. वरून कच्चं तेल, तोंडी लावायला कांदा. भाकरी नसली तरी चालतं.

कंटाळ्याच्या दिवशी खिचडी आहेच: पाव वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, अडीच वाट्या पाणी. तांदूळ घोटीकडचा इंद्रायणी मिळाला तर आसट छान होते.

आता इंडक्शनचं. भांड्याचा तळ सपाट हवा आणि त्याला लोहचुंबक चिकटायला हवं. साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणार नाही. खोलगट कढईही नको. शिवाय बरेच इंडक्शन मंद आचेवर एकसारखे तापत नाहीत, मध्येच थांबून पुन्हा जोर करतात, त्यामुळे पिठलं तळाला धरतं. जाड बुडाचं स्टीलचं एकच पातेलं घे, त्यात वरचं सगळं होतं.

वय ७२, एकटाच असतो. दात नसल्याने रात्री भाकरी चावत नाही. दूध-पोळीचा कंटाळा आला आहे. — एक वाचक, इंदिरानगर

काका, तुम्ही तांदळाची उकड करा. पाव वाटी पिठी वाटीभर आंबट ताकात कालवा. तेलात हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण आणि सोसेल तेवढी मिरची टाकून त्यावर हे ओता, मीठ घाला आणि घट्ट होईपर्यंत हलवा. मग झाकून पाच मिनिटं वाफ द्या. वर साजूक तूप. दुसऱ्या दिवशी नागलीची आंबील: दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून दीड वाटी उकळत्या पाण्यात ओता, सात-आठ मिनिटं शिजवा आणि जरा कोमट झाल्यावर ताक घाला. फार गरम असताना घातलं तर ताक फाटतं. ताक, मीठ पथ्यात बसतं का, हे तेवढं तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

मेथीची जुडी एकटीला संपत नाही. — एक वाचक, पंचवटी

निवडा, पण धुऊ नका. कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि लागेल तेवढीच धुऊन घ्या. पहिल्या रात्री मूठभर पिठल्यात, दुसऱ्या रात्री खिचडीत. उरलेली लसणावर परतून दाण्याचं कूट घाला. तरीही जास्त वाटली तर अर्धी जुडी शेजारी द्या आणि त्यांच्याकडची अर्धी कोथिंबीर मागून घ्या.