नॅनो-कॅटॅलिस्ट ‘पाच वेळा वापरला, यील्ड तेवढंच’ : हे खरं असेल तर कारखाने का वापरत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा होता: «मी कल्याणला एम.एस्सी. ऑरगॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्रीन सिंथेसिसच्या प्रत्येक पेपरात नॅनो-कॅटॅलिस्ट चुंबकाने बाजूला काढतात, पाच-सहा वेळा वापरतात आणि यील्ड जवळजवळ तेवढंच येतं. इतकं सोपं आहे तर कारखान्यात हे का दिसत नाही? प्रोजेक्टला विषय घेऊ का?»

विषय जरूर घ्या. (या विषयात नवे असाल तर: कॅटॅलिस्ट म्हणजे स्वतः न संपता रिअॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ, आणि यील्ड म्हणजे जितका माल मिळायला हवा त्यातला किती टक्के हाती आला.) पण ‘कारखान्यात दिसत नाही’ हे मान्य नाही. दिसतं, फक्त त्याला तिथे कोणी नॅनो म्हणत नाही. हायड्रोजनेशन (पदार्थात हायड्रोजन जोडणं) करणाऱ्या बऱ्याच प्लांटमध्ये पॅलेडियम-ऑन-कार्बनचा, म्हणजे कोळशावर पॅलेडियम धातू बसवलेल्या कॅटॅलिस्टचा, ओला काळा केक ड्रममध्ये ठेवलेला असतो. ओला अशासाठी, की सुकला आणि मेथॅनॉलची वाफ लागली तर पेटतो. त्या कोळशावर बसलेले पॅलेडियमचे कण काही नॅनोमीटरचेच असतात. मुंबईला तर हे प्रकरण फारच जुनं. 1932 साली शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. तेल घट्ट करायला त्या धंद्यात निकेलची बारीक भुकटी लागते, आणि ती फिल्टर प्रेसमध्ये अडवून पुढच्या बॅचला परत टाकायची ही रीत तेव्हापासूनची. म्हणजे आपल्या आज्या ज्या डब्यातून डालडा काढायच्या, त्यामागेही पुन्हा वापरलेला कॅटॅलिस्टच होता.

बारीक कण का हवेत, ते एका हिशोबात कळतं. एक सेंटिमीटरचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा 10 नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला तर 600 चौरस मीटर, म्हणजे पुरुषांच्या कबड्डीची साडेचार मैदानं. रिअॅक्शन पृष्ठभागावर होते, आतला धातू नुसता बसून असतो. पॅलेडियमसारख्या महाग धातूला बसवून पगार कोण देणार?

आता तुमच्या पेपरांकडे येतो. हे सगळं मी स्वतः केलंय, आणि त्यात सपशेल फसलोय.

मुंबईतल्या एका लॅबमध्ये पीएच.डी. करत होतो. मॅग्नेटाइटचे (चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या काळ्या लोह-ऑक्साइडचे) कण करायची कृती तुम्हाला माहीत असेलच: फेरिक आणि फेरस क्षार दोनास एक, नायट्रोजनखाली ढवळत अमोनिया थेंबथेंब सोडायचा. केशरट द्रावण बघताबघता शाईसारखं काळं होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मेलेल्या हार्ड डिस्कमधलं चुंबक बीकरच्या बाहेरून लावलं. सगळा काळा गाळ त्या बाजूला सरकून काचेला चिकटला आणि मधलं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ. मी लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. (पहिली बॅच पावसाळ्यात ओव्हनमध्ये उघडीच सुकवली आणि ती तपकिरी झाली, म्हणजे ऑक्सिडाइझ झाली. ते मात्र कोणाला दाखवलं नाही.) मग त्यावर सिलिकाचं कवच, कवचावर अमाइन, अमाइनवर पॅलेडियम. आणि रिअॅक्शन कोणती? अर्थात सुझुकी कपलिंग, पॅलेडियमच्या मदतीने दोन कार्बनी तुकडे जोडणारी. 2010 च्या नोबेलनंतर तिच्याशिवाय दुसरं काही करावंसंच कोणाला वाटेना. ब्रोमोबेंझीन अधिक फिनाइलबोरॉनिक अॅसिड, हाती बायफिनाइल.

पाच सायकल केल्या. यील्ड 97, 96, 96, 95, 94. छान सपाट बार चार्ट. पोस्टर छापून झालं.

सेमिनारला बाहेरून आलेल्या एका सरांनी एवढंच विचारलं, “प्रत्येक सायकल किती वेळ चालवलीत?”

“सहा तास, सर.”

“आणि पहिली संपली किती वेळात?”

मला माहीत नव्हतं. सकाळी लावायची आणि जेवून, चहा पिऊन आल्यावर उतरवायची, असा तो शिरस्ता. परत जाऊन दर दहा मिनिटांनी सॅम्पल काढून जीसीवर (मिश्रणात काय किती आहे ते दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) टाकले. पहिली सायकल चाळीस मिनिटांत संपत होती. पाचवीला तीन तासांच्या वर लागत होते. कॅटॅलिस्ट अर्ध्याहून जास्त मेला होता आणि माझा चार्ट सपाट होता, कारण मी दोघांनाही सहा तास दिले होते. दादरहून एक जण फास्ट लोकलने ठाण्याला गेला आणि दुसरा स्लोने. ‘रात्री नऊला घरी होतात का?’ असं विचारलं तर दोघेही ‘हो’ म्हणणार. त्यावरून दोन्ही गाड्यांचा वेग सारखा असं कोणी म्हणतं का? पण पेपरांत नेमकं हेच चालतं. म्हणून पुढचा पेपर वाचताना यील्डच्या आधी वेळ बघा. सायकल 30-40 टक्के कन्व्हर्जनला, म्हणजे तेवढाच कच्चा माल बदलल्यावर, थांबवून तुलना केलेली असेल तर तो माणूस प्रामाणिक आहे.

सरांचा दुसरा प्रश्न त्याहून वाईट होता. हॉट फिल्ट्रेशन केलंत का? केलं नव्हतं. रिअॅक्शन अर्धवट असताना, गरम असतानाच कॅटॅलिस्ट गाळून काढायचा आणि उरलेलं स्वच्छ द्रावण दुसऱ्या फ्लास्कमध्ये तसंच तापवत ठेवायचं. कॅटॅलिस्ट खरोखर घन कणांवरच काम करत असेल तर रिअॅक्शन तिथेच थांबायला हवी. मी चुंबक लावलं, वरून सेलाइटमधूनही (बारीक गाळायच्या भुकटीतूनही) गाळलं. तासाभराने जीसीवर ब्रोमोबेंझीनचा पीक जवळजवळ नाहीसा, म्हणजे रिअॅक्शन चालूच राहिली होती. म्हणजे काम करत होतं ते द्रावणात सुटलेलं पॅलेडियम, माझे सुंदर काळे कण हे त्याचं नुसतं गोदाम. गंमत अशी, की रिअॅक्शन संपून थंड झाली की सुटलेल्या पॅलेडियममधलं बरंचसं परत कणांवर येऊन बसतं. म्हणून थंड फिल्ट्रेट तपासलात तर धातू थोडाच सापडतो आणि सगळं आलबेल वाटतं. गरमच गाळायचं ते यासाठी. शिवाय परत बसताना ते होतं तसं बसत नाही, मोठे गोळे होतात, पृष्ठभाग घटतो आणि वेग पडतो. माझ्या पाचव्या सायकलचं कोडं तिथेच सुटलं.

‘थोडंसं सुटलं तर काय बिघडलं’ असं वाटत असेल तर कागद घ्या. एक मिलिमोल रिअॅक्शन, एक मोल टक्का पॅलेडियम (कच्च्या मालाच्या शंभर रेणूंमागे धातूचा एक अणू), म्हणजे साधारण 1.06 मिलिग्रॅम धातू. त्यातला फक्त 1 टक्का सुटून मालात आला तर 10.6 मायक्रोग्रॅम. 95 टक्के यील्डने बायफिनाइल 146 मिलिग्रॅम. भागाकार करा: 73 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 73 भाग. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तोंडावाटे पॅलेडियमची मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम. माझा माल औषध असता आणि दिवसाला 2 ग्रॅम घ्यायचा असता तर 146 मायक्रोग्रॅम पोटात गेलं असतं. मग ते काढायला स्कॅव्हेंजर (धातू शोषून घेणारा पदार्थ) लावा, पुन्हा क्रिस्टलाइझ करा, यील्ड घालवा. ‘99 टक्के धातू परत मिळाला’ हे वाक्य म्हणूनच मला आता कौतुकाचं वाटत नाही.

आणि ग्रीन? इथे माझी सगळ्यात जास्त चिडचिड होते. प्रत्येक सायकलनंतर कॅटॅलिस्ट धुवायचा असतो. मी 20 मिली इथाइल अॅसिटेटने तीनदा आणि 20 मिली इथेनॉलने तीनदा धूत असे. वजनात सुमारे 100 ग्रॅम सॉल्व्हंट, 146 मिलिग्रॅम मालासाठी. रसायनज्ञ शेल्डनने 1992 मध्ये मांडलेला ई-फॅक्टर म्हणजे किलोभर मालामागे किती किलो कचरा. तो औषध उद्योगात 25 ते 100 च्या घरात असतो आणि त्यावरूनच त्या उद्योगाला बोल लावतात. माझा नुसत्या धुण्याचाच जवळजवळ 700. काही मिलिग्रॅम कॅटॅलिस्ट वाचवायला मी बाटलीभर सॉल्व्हंट वेस्टच्या कॅनमध्ये ओतत होतो, आणि पोस्टरच्या कोपऱ्यात हिरवं पान काढलं होतं.

आता मी नवी मुंबईत एका छोट्या कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटला आहे. इथे कॅटॅलिस्टबद्दलचे प्रश्न वेगळे असतात. किती वेळात गाळला जातो? खूप बारीक कण फिल्टरचं कापड चोंदवतात किंवा त्यातून निसटतात, म्हणून उलट मोठ्या आधारावर बसवलेले कण लोकांना आवडतात. पुढच्या महिन्याचा ड्रम या महिन्यासारखाच वागेल का? वापरून झालेला माल कोण परत घेणार? पॅलेडियम-ऑन-कार्बन निकामी झाला की धातू शुद्ध करणाऱ्या रिफायनरीकडे जातो आणि त्यातला धातू काढून पुन्हा खात्यात जमा होतो. तोही पुनर्वापरच, फक्त त्याचा बार चार्ट कोणी काढत नाही. चुंबकाचं म्हणाल तर 50 मिलीच्या फ्लास्कमध्ये ते जादू करतं. 2000 लिटरच्या ग्लास-लाइन्ड रिअॅक्टरला बाहेरून चुंबक लावून आतले कण ओढून बघा. अंतर वाढलं की ओढ झपाट्याने मरते. आम्ही गाळतो, दुसरं काही नाही.

तरी या विषयावरचा माझा विश्वास उडालेला नाही, आणि त्याचं कारण आहे तोच काळा मॅग्नेटाइट. नायट्रोबेंझीनपासून अॅनिलीन (रंगांच्या धंद्यातलं मूळ रसायन) करायची फ्रेंच रसायनज्ञ बेशांची पद्धत 1854 ची: लोखंडाचा कीस आणि थोडं आम्ल. समीकरण मांडा. चार नायट्रोबेंझीन, नऊ लोखंड, चार पाणी. त्यातून चार अॅनिलीन आणि तीन मॅग्नेटाइट. म्हणजे किलोभर अॅनिलीनमागे 1.86 किलो काळा गाळ. चांगल्या कॅटॅलिस्टवर हायड्रोजनने केलं तर किलोमागे सुमारे 390 ग्रॅम पाणी, बस. अॅनिलीनसाठी जगाने ती जुनी वाट केव्हाच सोडली, पण रंगांच्या इंटरमीडिएटमध्ये (रंग बनवतानाच्या मधल्या रसायनांत) लोखंडाचा कीस अजून पुरता गेलेला नाही. हा फरक बघितला की कॅटॅलिस्ट किती वेळा वापरला हा प्रश्न दुसरा ठरतो. पहिला प्रश्न, त्याने कुठला गाळ वाचवला? माटुंग्याच्या आयसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत, तेव्हाच्या यूडीसीटीमध्ये, गणपती यादव सरांच्या ग्रुपने ‘यूडीकॅट’ नावाचे घन आम्ल कॅटॅलिस्ट केले, त्यामागेही हाच हिशोब आहे. सल्फ्युरिक आम्ल वापरून मग ते अल्कलीने मारायचं आणि क्षाराचं पाणी एफ्लुएंटला (सांडपाण्यात) सोडायचं, त्याऐवजी गाळून काढता येईल असं आम्ल. ते संशोधन जरूर शोधून वाचा.

तुमच्या प्रोजेक्टसाठी मी काय करेन ते सांगतो. सुझुकी नको; पॅलेडियमचा खर्च कॉलेज देणार नाही. तांबं किंवा निकेल बसवलेले मॅग्नेटाइटचे कण करा आणि 4-नायट्रोफिनॉलचं 4-अमिनोफिनॉल करा. पॅरासिटॅमॉलच्या अलीकडची पायरी, त्यामुळे व्हायवाला सांगायला गोष्टही मिळते. बोरोहायड्राइड टाकल्यावर द्रावण गडद पिवळं होतं, ते 400 नॅनोमीटरला मोजायचं. कॅटॅलिस्ट टाकला की क्युव्हेटमध्ये (मोजायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) डोळ्यांदेखत पिवळा उतरत जातो आणि शेवटी पाणी. कॉलेजमध्ये यूव्ही (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) असेल तर याहून जास्त काही लागत नाही. प्रत्येक सायकलला यील्ड न लिहिता वेगाचा स्थिरांक लिहा, मग तो कितीही पडो. मधेच कण काढून पिवळा उतरायचा थांबतो का, ते एकदा बघाच. फिल्ट्रेटमधला धातू मोजायला आयआयटी पवईच्या सैफ या उपकरण-केंद्राकडे आयसीपीसाठी (धातूचं अगदी थोडं प्रमाणही मोजणाऱ्या चाचणीसाठी) सॅम्पल देता येतात, बाहेरच्यांनाही. रांग असते, म्हणून डिसेंबरच्या आतच द्या. बोरोहायड्राइड पन्नास-शंभर पट जास्त घ्यावं लागतं, त्यामुळे या रिअॅक्शनला ग्रीन म्हणू नका. ‘मॉडेल रिअॅक्शन’ म्हणा, परीक्षक खूश होतील. आणि धुण्याला किती सॉल्व्हंट गेलं ते वहीत मिलीमध्ये लिहून ठेवा. तो आकडा फार कमी पेपरांत दिसतो, तुमच्या प्रबंधात असू दे.

एक राहिलं. मोठ्या प्रमाणावर बॅच कराल तेव्हा मॅग्नेटिक स्टररवर (खालच्या चुंबकाने भांड्यातली चुंबकी कांडी, म्हणजे स्टर बार, फिरवणाऱ्या यंत्रावर) करू नका. सगळे कण स्टर बारलाच दाढीसारखे चिकटतात आणि द्रावणात काहीच उरत नाही. मी दोन दिवस रिअॅक्शन का होत नाही म्हणून डोकं खाजवत बसलो होतो. ओव्हरहेड स्टरर, म्हणजे वरून दांड्याने ढवळणारा, लागेल. आमच्या लॅबमध्ये तो एकच होता आणि पीएच.डी.वाल्यांच्या ताब्यात असायचा, तुमच्याकडेही तसंच असेल तर आत्ताच नंबर लावून ठेवा.