पाणी वाचवायचंय? आधी फ्लशची टाकी तपासा

घरात पाणी वाचवायला सुरुवात करताय, खूप बरं वाटलं. फक्त पहिल्याच आठवड्यात घरच्यांच्या मागे लागू नका. सगळे वैतागतात आणि मग तुम्हीही सोडून देता. आधी गळती शोधा.

फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश वापरू नका. खाली भांड्यात रंग उतरला, तर आतला व्हॉल्व्ह गळतोय. या गळतीचा आवाज बहुतेक वेळा येतच नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने चालू राहते. घराला पाण्याचा मीटर असेल तर रात्री झोपताना आकडा लिहून ठेवा, सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी पाणी जातंय.

त्यानंतर एवढंच:

- साधा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर पाणी सहज घेतो. वेळ कमी करा किंवा बादली घ्या.
- साबण लावताना, दात घासताना नळ बंद.
- आरओतून (पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधून) वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा. कुंड्यांना रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात.

नवीन माणूस हमखास चुकतो ते खरेदीत: गळका नळ तसाच, आणि दारात पाणी साठवायची नवी टाकी! वॉशर बदला आधी. पावसाचं पाणी साठवणं वगैरे नंतर बोलू.