पिचरचा हिशेब : रन, वॉक आणि कोपर

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, शाळेच्या बेसबॉल संघात पिचिंग करतो, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकतो. तीन दिवसांच्या स्पर्धेत त्याने ६.२ इनिंग टाकल्या. ८ रन गेले, त्यांतले ५ अर्न्ड (पिचरच्या खात्यावर धरलेले). ५ हिट, ९ वॉक (स्ट्राइक नसलेल्या चार पिच पडल्याने बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस). एकूण १४२ पिच (फेकलेले चेंडू), पैकी ७१ स्ट्राइक (मारता येण्याजोग्या पट्ट्यात पडलेल्या किंवा बॅटरने बॅट फिरवलेल्या). सामने ६ इनिंगचे होते. संघाच्या एक्सेलमध्ये त्याचा ईआरए (एका पूर्ण सामन्यामागे पडणारे अर्न्ड रन) ११.६१ आला. त्याला पिचिंग सोडायला सांगावं का?
— एक पालक, इंदिरानगर

उत्तर : अजिबात नको. आधी तो ११.६१ खोडा, कारण त्यात एक सोडून तीन चुका आहेत. ८ गुणिले ९ भागिले ६.२ केलं की बरोबर हाच आकडा येतो.

पहिली चूक ८ घेण्याची. ईआरएमध्ये फक्त अर्न्ड रन धरतात. फिल्डरच्या एररमुळे किंवा कॅचरच्या पास्ड बॉलमुळे (त्याने अडवायला हवा होता तो सुटलेला चेंडू) झालेला रन पिचरच्या खात्यात अर्न्ड म्हणून जात नाही. वाइल्ड पिचवर (पिचरनेच कॅचरच्या आवाक्याबाहेर टाकलेली) झालेला मात्र जातो. एरर झाली नसती तर तिसरा आउट पडून इनिंग संपली असती, अशा वेळी त्यानंतरचे रनही अनअर्न्ड. दुसरी चूक ९ ची. नऊ इनिंग मोठ्यांच्या सामन्याच्या. तुमचे सामने सहाचे, म्हणून गुणायचं सहाने. तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते. ६.२ म्हणजे सहा पूर्ण इनिंग आणि दोन आउट. क्रिकेटमध्ये ४.२ ओव्हर म्हणजे चार ओव्हर दोन चेंडू, तसंच हे. एक्सेलला ते कळत नाही, तो दशांश समजून भागतो.

सोपा मार्ग म्हणजे इनिंग विसरून आउट मोजा. एका इनिंगचे आउट तीन, म्हणून ६.२ म्हणजे २० आउट, सहा इनिंगचे १८. ५ × १८ ÷ २० = ४.५०. हा त्याचा खरा ईआरए.

तरी या वयात आम्ही ईआरएकडे शेवटी बघू. शालेय सामन्यांत फिल्डिंग कच्ची असते आणि एरर कुठली, हिट कुठली हे लिहिणाऱ्यावर ठरतं. व्हिप काढा : हिट अधिक वॉक, गुणिले ३, भागिले आउट. (५ + ९) × ३ ÷ २० = २.१०, म्हणजे दर इनिंगला दोनहून जास्त बॅटर बेसवर. त्यात हिट पाचच आहेत. मुलं त्याला मारत नाहीयेत, तोच त्यांना फुकट चालायला लावतोय. ७१ स्ट्राइक म्हणजे ५० टक्के. ६० च्या आसपास गेला की वॉक आपोआप उतरतील. मोजताना फाउल झालेली आणि बॅटला लागून मैदानात गेलेली पिचही स्ट्राइकमध्येच धरा. अनेक स्कोअरर ती सोडतात आणि चांगला पिचर कागदावर वाईट दिसतो.

प्रश्न : याच मुलाने पहिल्या दिवशी ५८, दुसऱ्या दिवशी ५० आणि तिसऱ्या दिवशी ३४ पिच टाकल्या. आता कोपर आतल्या बाजूने दुखतं. मलम चोळून सराव चालू ठेवावा का?

उत्तर : नाही, फेकणं आजच बंद. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाड वाढण्याची जागा अजून कूर्चेची, मऊ असते; प्रत्येक पिचला तिथे ताण पडतो. मलमाने दुखणं झाकलं जातं, ताण तसाच राहतो. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी सांगेपर्यंत चेंडू हातात नको.

अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच टाकता येतात. १४ वर्षांपर्यंतच्यांसाठी विश्रांती अशी : २० पर्यंत काही नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ पासून पुढे चार. त्या हिशेबाने ५८ नंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तो पिचिंगला उभाच राहायला नको होता. आपल्या स्पर्धेच्या नियमपत्रकात मर्यादा नसेल, तर प्रशिक्षकांनी स्वतः घालावी. दोन-तीन पिचर तयार नसताना सलग दिवसांच्या स्पर्धेत उतरणं आम्हाला पटत नाही. आणखी एक : ४१ किंवा जास्त पिच टाकलेल्या मुलाला लिटल लीगमध्ये त्या दिवशी कॅचर होता येत नाही, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतच असतो.

प्रश्न : क्रिकेटची वेगवान गोलंदाजी करणारी मुलं पिचिंगला घेतली. वेग आहे, पण चेंडू बॅटरच्या डोक्यावरून जातो.
— क्रीडाशिक्षक, पंचवटी

उत्तर : बहुधा हात मागे राहतोय. पुढचा पाय टेकतो तेव्हा चेंडूचा हात वर, खांद्याच्या उंचीला आलेला हवा. तो खालीच असेल तर पुढे यायला वेळ उरत नाही, चेंडू लवकर सुटतो आणि वर जातो. गोलंदाजीत कोपर सरळ ठेवायची सवय लागलेली असते. इथे ते वाकतं. पिचरच्या रबरपासून (पिचर पाय ठेवतो ती पट्टी) होम प्लेटकडे (बॅटर जिथे उभा राहतो तिथली पाटी) फक्कीची सरळ रेघ मारा आणि पुढचं पाऊल रेघेवर पडतंय का पाहा. पाऊल बाहेर उघडलं की खांदाही आधीच उघडतो.

पकड फोर-सीमचीच शिकवा : तर्जनी आणि मधलं बोट घोड्याच्या नालेच्या आकाराच्या शिवणीवर आडवी, अंगठा खाली, चेंडू तळव्यात रुतलेला नको. या सरावाला क्रिकेटचा चेंडू वापरू नका, त्याची शिवण वेगळी. ३० फुटांवरून सुरू करून, दहापैकी सहा पिच स्ट्राइक पडल्या की ४६ फुटांवर जा. हे अंतर रबरच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत मोजतात. सरावातल्या पिचही वहीत लिहा. कर्व्ह बॉल (हवेत वळणारा) वयाच्या बारापर्यंत नको. फास्टबॉल आणि चेंज-अप (फास्टबॉलसारखाच हात फिरवून टाकलेला हळू चेंडू) पुरे.

प्रश्न : हीच सूत्रं सॉफ्टबॉलला चालतील का?
— एक खेळाडू, नाशिकरोड

उत्तर : चालतील. सामना ७ इनिंगचा असल्याने ईआरए काढताना १८ ऐवजी २१ ने गुणा. व्हिप तसाच.