प्रांतांपुढे तुमची बाजू कोण मांडणार?

प्रश्न : मी ७१ वर्षांची विधवा. २०२१ मध्ये राहतं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. आता त्याने मला मागच्या खोलीत टाकलंय, औषधालाही पैसे देत नाही. शेजाऱ्यांनी प्रांत ऑफिसात पोटगीचा अर्ज करून दिला. पहिल्या तारखेला मुलगा वकील घेऊन आला. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. माझ्यासाठी वकील बघितला तर तो चाळीस हजार म्हणतो. फुकटात कुणी उभं राहील का? बक्षीसपत्राची प्रत सोबत पाठवली आहे.

उत्तर : काकू, राहील. हे पैसे काढायला गळ्यातलं काही मोडू नका.

तुमचा अर्ज ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली निर्वाह प्राधिकरणापुढे आहे. हे कोर्ट नव्हे. प्रांतसाहेबच तिथे पीठासीन अधिकारी असतात. म्हाताऱ्या माणसाला वकिलाच्या फीपायी माघार घ्यावी लागू नये म्हणून या कायद्याच्या कलम १७ ने दोन्ही बाजूंच्या वकिलांना मनाई केली. काही उच्च न्यायालयांनी पुढे वकिलांना परवानगी दिली आहे, त्यामुळे मुलाच्या वकिलाला हरकत घ्या, पण लेखी घ्या आणि सगळा भरवसा तिच्यावर ठेवू नका.

खरा आधार कलम १८ चा आहे. आई किंवा वडिलांनी इच्छा व्यक्त केली, तर प्राधिकरणापुढे त्यांची बाजू निर्वाह अधिकाऱ्याने मांडायची असते. हा सरकारी अधिकारी, दर्जाने जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्याच्या खालचा नसतो. पण मागितल्याशिवाय हे कुणी आपणहून देत नाही, याची मला फार चीड येते. एका कागदावर लिहा : ‘कलम १८ प्रमाणे माझी बाजू मांडण्यासाठी निर्वाह अधिकारी द्यावेत, ही विनंती.’ खाली प्रकरण क्रमांक आणि सही. दोन प्रती न्या, एक आवक शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक नंबर, तारीख घेऊनच परत या.

त्याच दिवशी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, मोफत मदतीचा हक्क आहेच. तिथे प्रशिक्षण घेतलेले विधी स्वयंसेवक असतात. ते वकील नाहीत, युक्तिवाद करणार नाहीत. पण अर्ज लिहून देतील, कागद लावून देतील, हवं तर तारखेला सोबत येतील. मुलाच्या वकिलाला परवानगी मिळालीच, तर समितीकडेच पॅनेलवरचा मोफत वकील मागा. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करा.

स्वयंसेवकाकडून एक काम आधी करून घ्या. तुमच्या अर्जात फक्त पोटगी मागितली आहे. ती महिना दहा हजारांवर जात नाही. घराचं काय? तुमचं बक्षीसपत्र मी वाचलं. दुसऱ्या पानावर तळाशी लिहिलंय : ‘लिहून घेणार हे लिहून देणार यांचा यापुढेही सांभाळ करतील.’ या ओळीखाली पेनाने रेघ मारा, पण झेरॉक्सवर. मूळ दस्त मुलाच्या हाती लागू देऊ नका. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, कलम २३ खाली रद्द ठरवता येते. अशी अट नसेल तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवताना, हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असंही सांगितलं. म्हणून कलम २३ ची मागणी अर्जात आलीच पाहिजे. निकाल लागेपर्यंत औषधपाण्यासाठी अंतरिम पोटगीही मागा.

पुढच्या तारखेला मुलगा बहुधा समेटाचं बोलेल. ऐका, पोटचं लेकरू आहे. पण जे ठरेल ते प्रांतांच्या आदेशात लिहून घ्या. तोंडी शब्दावर अर्ज मागे घेऊ नका, आणि तोवर ती खोली सोडू नका.