लेझर किंवा हायफूने ओघळलेले गाल ऑपरेशनशिवाय खरंच वर जातात का?

थोडेफार जातात, पण ऑपरेशनइतके नाही. आणि तुम्ही लिहिलंय तशी ५२ व्या वर्षी जबड्याखाली लोंबू लागलेली त्वचा असेल, तर लेझर हा पहिला पर्यायच नव्हे. मुंबईत त्वचारोगाच्या ओपीडीत डॉक्टर म्हणून हे मला रोज समजावून सांगावं लागतं. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर वरच्या थरांवर काम करतं: बारीक सुरकुत्या, मुरमांचे खड्डे. उचलायचं काम त्याहून खोलवरचं. हायफूमध्ये अल्ट्रासाउंड लहरी एका बिंदूवर एकवटतात, भिंगाने ऊन गोळा करावं तशा. त्वचेखाली साधारण ४.५ मिलिमीटरपर्यंत उष्णता पोचते, वरची कातडी शाबूत राहते. तिथलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, आकसतं आणि हळूहळू नवं तयार होतं, म्हणून खरा फरक दोन-तीन महिन्यांनी कळतो. त्याच दिवशी आरशात जो घट्टपणा दिसतो, ती बरीचशी सूज असते. ‘लगेच रिझल्ट’ म्हणून दाखवलेल्या फोटोंना भुलू नका. रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओ लहरींनी त्वचा आतून तापवणं, सौम्य सैलपणाला ठीक, पण सिटिंग्ज जास्त लागू शकतात.

एक मात्र नीट लक्षात घ्या: आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर लेझरनंतर काळे डाग उमटू शकतात. रोज उन्हातून स्टेशन गाठावं लागत असेल, तर सनस्क्रीन आणि स्कार्फ जमणार असेल तरच लेझर करा. मशीन कोण चालवणार हेही आधी विचारा, आणि डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघायला अजिबात संकोचू नका.