थिऑलॉजी शिकायची की माणसं सांभाळायची?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे थिऑलॉजी, म्हणजे ईश्वरविद्या, शिकायला सेमिनरीत (ख्रिस्ती धर्मसेवक घडवणाऱ्या महाविद्यालयात) जायचं आहे. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा एकच देव), देहधारण (देवानं येशूत माणूस होणं), कृपा या विषयांवर वाचताना तहानभूक हरपते. पण आमच्या मंडळीचे (चर्चचे) पाळक म्हणतात, ‘मंडळीला विद्वान नको, दुःखात धावून येणारं माणूस हवं.’ आजाऱ्याला भेटायला गेले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मग मी अध्यापनाकडेच वळावं का?

उत्तर : प्रिय विद्यार्थिनी,

‘शब्द फुटत नाही’ ही तुला तुझी उणीव वाटते. मला ती तुझी जमेची बाजू वाटते.

माझे वडील शेवटच्या आजारात अंथरुणावर होते. भेटायला आलेले एक पाळक उशाशी उभे राहून म्हणाले, ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो.’ ते गेले आणि वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या पाळकांना माया नव्हती असं मी म्हणणार नाही, ते ऊन डोक्यावर घेऊन आले होते. कच्ची होती ती त्यांची थिऑलॉजी.

बायबलमधल्या इयोबाची, सगळं गमावलेल्या त्या नीतिमान माणसाची, गोष्ट तुला पाठ असेल. त्याचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी चकार शब्द काढला नाही. तोवर सगळं ठीक होतं. मग ते बोलायला लागले आणि दुःख म्हणजे पापाची शिक्षा, हे एकच सूत्र त्याच्या जखमेवर घासत राहिले. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो, पण तुम्ही मित्राशी कठोर वागलात असं म्हणत नाही. तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, असं म्हणतो. सांत्वन फसलं ते देवाविषयीची समज चुकली म्हणून. विद्वान की धावून येणारा, ही तुझ्या पाळकांनी केलेली वाटणी मला म्हणूनच पटत नाही.

मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू रडला. आपण त्याला मेलेल्यातून उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. देहधारणाचा अभ्यास मनापासून केलेली व्यक्ती शोकाच्या घरात ‘रडू नका, पुनरुत्थान आहे’ म्हणायची घाई करणार नाही. बायबलमधलं स्तोत्र 88 अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. हे माहीत असलं की रुग्णासोबत तशीच उघडी, न सुटलेली प्रार्थना करायचं धैर्य येतं.

उलट दिशेची, माणसांकडून थिऑलॉजीकडे नेणारी वाटही तितकीच महत्त्वाची आहे. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाची आई विचारते, ‘ते आता कुठे आहे?’ आत्महत्या केलेल्या मुलाचे वडील विचारतात, ‘त्याचं तारण झालं असेल का?’ यावर वेगवेगळ्या पंथांची शिकवण वेगवेगळी आहे. आपली मंडळी काय मानते आणि का मानते, हे तुला दफनभूमीत उभं राहण्याआधी पक्कं माहीत हवं. तिथे पुस्तक उघडता येत नाही. असा प्रश्न ऐकून परतलेली विद्यार्थिनी कृपेवरचं प्रकरण पुन्हा वेगळ्या डोळ्यांनी वाचते.

अँटन बॉइसन या अमेरिकन पाळकाचा अनुभव तुझ्या उपयोगाचा आहे. 1920 मध्ये त्याला स्वतःला मनोविकारासाठी रुग्णालयात ठेवलं होतं. पुढे तो वुस्टरच्या मनोरुग्णालयात चॅपलिन (संस्थेत नेमलेला पाळक) झाला आणि 1925 मध्ये त्यानं सेमिनरीचे विद्यार्थी तिथे आणले, पुस्तकांसारखीच माणसंही वाचायला शिकण्यासाठी. रुग्णालयांतून दिलं जाणारं पाळकीय प्रशिक्षण त्यातून वाढलं. अमेरिकेत आज त्याचं एक युनिट साधारण 400 तासांचं असतं. विद्यार्थी भेटीतलं संभाषण आठवून शब्दशः लिहितो आणि गट ते तपासतो. समजा, रुग्ण म्हणाली, ‘देवानं माझ्याकडे पाठ फिरवलीय.’ विद्यार्थी म्हणाला, ‘नाही, तो नेहमी सोबत असतो.’ मग मार्गदर्शक विचारतात, ‘हे वाक्य तू तिच्यासाठी बोललास की स्वतःच्या भीतीसाठी?’ या प्रश्नापाशी पुष्कळ जण बराच वेळ अडकतात.

वाटांचं थोडक्यात सांगते. मंडळीचं पाळकपद, रुग्णालयात किंवा तुरुंगात चॅपलिन, सेमिनरीत पाळकीय थिऑलॉजीचं अध्यापन असे पर्याय आहेत. या अध्यापनालाही सेवेचा अनुभव लागतो. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याबाबत पंथापंथांत फरक आहे, ते आधीच स्पष्ट विचारून घे. सेमिनरी निवडताना ग्रंथालयाइतकंच हेही विचार : प्रत्यक्ष सेवेचे तास किती आणि त्यावर बोलायला अनुभवी मार्गदर्शक आहे का? समोरच्याला मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे हे कसं ओळखायचं, ते शिकवत नसतील तर तिथे जाऊ नकोस. प्रार्थनेच्या भरवशावर औषध बंद केल्यानं माणसं दगावतात.

अर्ज भरण्याआधी सहा महिने पाळकांसोबत भेटींना जा. रात्री घरी आल्यावर, कुणाचंही नाव न घालता, त्या दिवशी मनाला लागलेला एकच प्रश्न लिहून ठेव आणि तो घेऊन वाचायला बस. पुढच्या आजाऱ्याकडे गेलीस की उभी राहू नकोस. उभ्या माणसाकडे बघून रुग्णाला वाटतं, ही आता निघणार. खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बस. बोलायला त्यालाच सुरुवात करू दे.